पाठ केलेला रस्ता

त्यांना डावीकडचं दिसत नव्हतं, उजवीकडचं दिसत नव्हतं आणि पायाखालचं तर अजिबातच नाही. हात लांब करून धरलेल्या बांगडीतून दिसावं एवढंच जग त्यांच्यासमोर उरलं होतं. महाडात हे दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला. तरीही दर रविवारी सकाळी सहाला ते चार-पाच सायकली मागे घेऊन पन्नासेक किलोमीटरच्या डोंगरी फेरीला निघत, आणि मी त्यांना निघू देत होते. दीड वर्ष.

माझं महाडात चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेतलंय, पण मी डॉक्टर नाही. हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं. ते मला "डॉक्टरीणबाई"च म्हणायचे, आणि म्हणताना तोंडाचा एक कोपरा किंचित वर जायचा.

औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते तीस वर्षं बॉयलरवर होते. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण बॉयलर काही सुटला नव्हता. सकाळी भेटलं की नमस्कार नाही, सुप्रभात नाही, "आज प्रेशर किती?" असं विचारायचे. कुणी चढावर बोलायला लागलं की म्हणायचे, "तोंड मिटा. वाफ गळतेय." डोक्यावर सायकलवाल्यांची टोपी कधीच नसायची. कारखान्यातलं पिवळं हेल्मेट, त्यावर त्यांचा जुना नंबर अर्धा पुसलेला. खाकी अर्धी चड्डी, दोरखंडासारख्या पोटऱ्या. खिशात उकडलेली रताळी. ती खिंडीत पोचल्यावरच बाहेर निघायची, आधी कुणी चक्कर येऊन पडलं तरी नाही.

सायकलीला दोन घंट्या होत्या. नवीन आलेला प्रत्येक जण विचारायचा, दोन कशाला? "डावी माणसांसाठी. उजवी डोंगरासाठी." लोक हसायचे. प्रत्येक वळणाआधी ते उजवी घंटा दोनदा वाजवायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. ज्या बाजूला डोंगर कापलेला असेल तिकडून आवाज परत येतो, दरीकडून येत नाही. वळण कुठे संपतं ते त्यांना असं कळायचं. बाकीच्यांना ती म्हाताऱ्याची लहर वाटायची. त्यांच्या निम्म्या लहरी अशाच होत्या. त्या का आहेत हे कळलं की हसू यायचं बंद व्हायचं.

त्यांची फेरी ठरलेली. महाडहून हायवेने पोलादपूर, तिथून कापडे, कापड्याच्या पुढे डावीकडे आत शिरून वाड्या-वाड्यांतून चढ, वर खिंड, पलीकडे उतार, आणि औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाने परत महाड. ही फेरी त्यांनी कधी उलटी केली नाही, कधी बदलली नाही. आमच्यात एक बँकेतले गृहस्थ होते, त्यांना फोटोंची हौस. ते एकदा म्हणाले, "काका, एक रविवार हिरकणीवाडीला जाऊ. चढ मस्त आहे, वर नाश्ता मिळतो."

"तिकडं लोक रोपवेच्या पाळण्यात बसून गडावर जातात," काका म्हणाले. "आपलं काय काम?"

"आपण पायथ्यापर्यंतच जायचं हो."

"तुम्ही जा. मला हाच रस्ता पुरतो."

पुरतो म्हणजे काय, ते बँकवाल्यांना कळणार नव्हतं. त्यांना हाच रस्ता येत होता. कापड्याच्या फाट्यापासून पहिल्या मोरीपर्यंत पायडलच्या किती फेऱ्या, मोरीपासून शाळेच्या भिंतीपर्यंत किती, कुठे डांबर संपून खडी लागते, कुठल्या वाडीत कुत्रं भुंकतं आणि कुठल्या वाडीतलं न भुंकता पायाशी येतं, सगळं तोंडपाठ. बॉयलरवर दर तासाला काटे वाचून वहीत लिहायचे असतात. हे म्हणे आधी आकडा लिहायचे आणि मग काटा बघायचे, आपला अंदाज बरोबर आला का ते तपासायला. हे त्यांनीच मला सांगितलं, अभिमानाने. मी म्हटलं, "आणि चुकला तर?" ते म्हणाले, "चुकला असता तर मी हितं बसलो असतो काय?"

अशा माणसाने माझ्या दुकानातला अक्षरांचा तक्ता पाठ केला होता, यात नवल काही नाही.

झालं असं. ते पहिल्यांदा आले तेव्हा वाचायचा चष्मा हवा होता. तक्ता वाचायला बसवलं, शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मी नंबर काढला, चष्मा दिला. वर्षाने परत आले. मधल्या काळात मी जुना पिवळा पडलेला तक्ता काढून नवा लावला होता. अक्षरं तेवढीच, ओळी तेवढ्याच, फक्त अक्षरांचा क्रम वेगळा. पहिलं मोठं अक्षर त्यांनी बरोबर सांगितलं. मग पुढे घडाघडा सुरू केलं, आणि तो सगळा जुना तक्ता होता. एकही अक्षर न चुकता.

मी पुढे वाकले, त्यांना समोर माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि त्यांच्या कानाशेजारी बोटं हलवायला लागले. "बोटं दिसली की सांगा." बोटं कानापासून गालापर्यंत आली, गालापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आली. ते माझ्या नाकाकडे बघत होते. बोटं जवळजवळ माझ्या नाकाला लागली तेव्हा म्हणाले, "हां." दुसऱ्या बाजूलाही तेच.

"काका, हा काचबिंदू आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं."

"जाऊन आलो. पुण्याला." त्यांनी खिशातून थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली. "गेलेलं परत येत नाय म्हणाले. राह्यलंय ते टिकवा."

"आणि सायकल?"

"ते मी विचारलं नाय."

"घरी माहीत आहे?"

"थेंब कोरड्या डोळ्यांसाठी हायत असं सांगितलंय."

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि त्यांना सरळ सांगितलं, की तुम्ही स्वतः पडलात तर तुमचा प्रश्न, पण तुमच्यामागे माणसं येतात, उतारावर तुमच्या चाकाकडे बघून येतात. ते ऐकून घेत होते. मग बॉयलरचा साहेब आल्यावर बोलत असतील तशा आवाजात म्हणाले, "दिवाळीपर्यंत."

"दिवाळीत काय होणार आहे?"

"काय नाय. एक तारीख पायजे ना माणसाला."

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी अटी घातल्या. एक, मी बरोबर येणार, त्यांच्या उजव्या हाताला, अर्धी सायकल मागे. दोन, खिंडीतून उतरताना त्यांच्या मागे दहा सायकलींच्या अंतरात कुणी नसणार. ते मी बघणार. त्यांनी दोन्ही मान्य केल्या. मग विचारलं, "तुम्हाला सायकल येते?" मला यायची, शाळेत असताना. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गिअरची सायकल घेतली आणि पहिले तीन रविवार कापड्याच्या पुढे निम्मा चढ ढकलत नेली. ते वर थांबून उजवी घंटा वाजवत राहायचे, डोंगर पुढे सरकतोय का बघायला, असं म्हणत.

दिवाळी आली आणि गेली. ते म्हणाले, होळीपर्यंत. होळीला म्हणाले, पाऊस लागेपर्यंत. आणि प्रत्येक वेळी मी हो म्हटलं, कारण तोपर्यंत मला ती फेरी आवडायला लागली होती. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

आमची एक भाषा ठरली होती. "उजवी" म्हणजे उजवीकडून काहीतरी येतंय. "खाली" म्हणजे खड्डा. "शेपूट" म्हणजे गुरं. मी सारखी बोलत असायचे आणि ते सारखे "कळलं, कळलं" करत असायचे. बँकवाले म्हणायचे, "मॅडम, चढावर आम्ही बोललो की वाफ गळते, तुम्ही बोललात की चालतं?" काका म्हणायचे, "त्यांचा सेफ्टी व्हॉल्व्ह हाय तो. शिट्टी वाजणारच."

त्यांचं एक वाक्य मात्र सगळ्यांना पाठ होतं, कारण वसाहतीच्या मागच्या रस्त्याला लागलो की दर रविवारी ते एकदा म्हणायचेच. तिथे कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा उग्र वास यायचा आणि आम्ही नाकाला रुमाल लावायचो. "वास येतोय तोवर भिऊ नका. वास यायला लागला की सावध व्हायचं. यायचा थांबला की जास्त सावध व्हायचं." काही वायू असे असतात की आधी नाकच मारतात. वास गेला, बरं झालं, असं वाटतं आणि माणूस तिथेच आडवा होतो. असे दोघे त्यांनी बघितले होते. नावं सांगायचे नाहीत.

खिंडीच्या पलीकडे, उताराला लागल्यावर पहिल्याच वळणावर एक वाडी आहे. दहा-बारा घरं. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. तिथे एक आजी राहायची. तिच्या अंगणातल्या नळावर आम्ही बाटल्या भरून घ्यायचो. आजीचं आणि काकांचं दर रविवारी भांडण व्हायचं, आणि ते झालं नाही तर दोघांनाही चुकल्यासारखं व्हायचं.

भांडण दगडांवरून. वाडीत सपाट जागा नाही. त्यामुळे भात झोडून झालं की ते वाळत घालायला एकच जागा, डांबरी रस्ता. वाडीच्या खाली किलोमीटरभरावर रस्ता जरा रुंद होतो, तिथे वळणावरच दिवसभर ऊन असतं. आजी आणि तिचे शेजारी अर्ध्या रस्त्यावर भात पसरायचे आणि गाड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगडांची ओळ लावायचे. नारळाएवढे दगड. भात वाळलं की गोणीत भरून घरी न्यायचं. दगड तिथेच. पुढच्या वर्षी लागतातच की. कोकणातल्या कुठल्याही आतल्या रस्त्यावर नोव्हेंबरात जा, अशा दगडांच्या ओळी दिसतील, आत काहीही नसलेल्या.

"आजी, भात उचललंस की दगड पण उचल. कोणतरी मरेल."

"उचलते रे. तुझी सायकल काय इमान हाय? बघून चालव."

"मी बघूनच चालवतो."

"मग तुला कशाला दगडाचा तरास?"

काका माझ्याकडे बघायचे, म्हणजे माझ्या दिशेने मान वळवायचे, आणि मी बाटलीचं झाकण लावत बसायचे.

पावसानंतरच्या दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला मी त्यांच्या घरी गेले होते. सायकलीला झेंडूचा हार, दोन्ही घंट्यांना हळदकुंकू. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आहात ते बरं आहे हो. तुम्ही दर सहा महिन्यांनी त्यांचे डोळे तपासता ना, म्हणून मी निर्धास्त असते. या वयात हे सायकलचं वेड. पण हे म्हणतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या डोळे तिशीतल्या पोरासारखे आहेत."

काका समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मी चहा संपवला. तो गरम होता तरी संपवला. बाहेर येऊन चपला घालताना त्यांना हळूच म्हटलं, "दिवाळीनंतरचा पहिला रविवार. खिंडीत. तुम्ही सगळ्यांना सांगायचं. नाही सांगितलंत तर मी सांगणार, आणि आधी काकूंना सांगणार."

"बरं," ते म्हणाले. या वेळी तारीख मागितली नाही.

त्याच सुमाराला स्नेहल यायला लागली होती. वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, वय तिशीच्या आत, लातूरकडची. डोंगर तिला नवा होता. चढ तिला जमायचा, उताराची भीती वाटायची, आणि भीती घालवायचा तिने एक उपाय शोधला होता. काकांच्या मागच्या चाकाला चिकटून यायचं. ते जिथून जातील तिथूनच जायचं. "ते इतके स्वच्छ वळतात ना मॅडम, ब्रेक लावायला लागतच नाही." मी तिला दोनदा सांगितलं, अंतर ठेव. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात सांगितलं. तिने विचारलं, "का पण?" मी म्हटलं, "सांगितलं तेवढं कर." खरं कारण देता येत नव्हतं, आणि कारण नसलेली ताकीद फार टिकत नाही.

तो रविवार उजाडला. हवा कोरडी, स्वच्छ. आदल्या दिवशी संध्याकाळी नुसते ढग येऊन गेले होते. पोलादपूर, कापडे, चढ. त्या दिवशी चढावर मी गरजेपुरतंच बोलले आणि त्यांनीही शिट्टीवरून चेष्टा केली नाही. खिंडीत पोचलो. रताळी बाहेर निघाली. सगळे दगडांवर बसले. बँकवाले, त्यांचे दोन मित्र, स्नेहल.

मी उभीच राहिले. काकांनी रताळं सोललं, अर्धं स्नेहलला दिलं. बॉयलरची एक जुनी गोष्ट सांगितली. सगळे हसले. दुसरं रताळं सोललं. मी घड्याळात बघितलं. मग त्यांनी सालं गोळा केली, कागदात बांधली, खिशात घातली आणि पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"काका," मी म्हटलं.

"खाली गेल्यावर सांगतो."

"काय सांगताय?" बँकवाले म्हणाले.

"नळावर. पाणी भरताना," ते मला म्हणाले आणि निघाले.

मी सायकलवर टांग टाकली. त्यांच्या उजव्या बाजूला पोचायला मला पहिल्या वळणापर्यंत वेळ होता. घाईत गिअर टाकला आणि चेन उतरली. नुसती उतरली नाही, चाक आणि पाईपच्या मध्ये जाऊन अडकली. सायकल तशीच घरंगळत वाडीपर्यंत आली. काका नळापाशी थांबले नव्हते. नळ मागे टाकून खाली गेले होते. ते का थांबले नाहीत, हे मी नंतर कधी विचारलं नाही. मला माहीत होतं.

माझ्या शेजारून स्नेहल सुटली. "मी काकांना गाठते मॅडम."

"स्नेहल, थांब. अंतर ठेव."

वारा होता. तिने हात वर केला, म्हणजे ऐकलं असा नव्हे, निघाले असा.

बाकीचे अजून खिंडीतच फोटो काढत होते. मी आजीच्या अंगणाच्या कडेला सायकल उलटी केली आणि चेन ओढायला लागले. आजी ओटीवर सूप घेऊन बसली होती.

"हळू गो बाय. हात काळं झालं बघ."

मी वर बघितलं. अंगणात भाताच्या गोणी होत्या. सात-आठ, एकावर एक, वर निळं प्लास्टिक.

"आजी, भात आणलंत?"

"काल सांजचंच आणलं. आभाळ आलंवतं ना. सगळी वाडी धावली."

"आणि दगड?"

"दगड काय पळून जातात काय? तिनाक वाजता जाईल कोणतरी."

चेन हातात होती आणि मी ती हातात धरून बसले होते. गेल्या चार रविवारी त्या वळणावर भात होतं. काकांनी रस्ता तसा पाठ केला होता, घंटा वाजवायची आणि डावीकडून जायचं. आज भात नव्हतं, म्हणजे त्यांच्या बांगडीएवढ्या गोलात समोर नुसतं काळं डांबर दिसणार होतं आणि ते सरळ जाणार होते. दगड त्या गोलाच्या खाली. आणि चाकाला चिकटून स्नेहल.

चेन बसली. बोट चिमटलं तेही घरी गेल्यावर कळलं. मी निघाले. तो एक किलोमीटर मी ब्रेक जवळजवळ लावला नाही, आणि मी काही धाडसी बाई नाही. खालून उजवी घंटा ऐकू यावी म्हणून कान देत होते. एक वळण, घंटा नाही. दुसरं वळण. मग आंब्याचं झाड दिसलं. त्याच्यापुढेच भाताची जागा.

काका रस्त्यावर गुडघ्यांवर होते. दोन्ही हात डांबरावर, चाचपत पुढे सरकत होते. सायकल आंब्याला टेकवलेली, नीट. त्यांच्या पलीकडे, रस्त्याच्या मधोमध स्नेहल बसली होती, डाव्या हाताने उजवा खांदा धरून. तिची सायकल चरात.

"कोण हाय मागे?" काका म्हणाले.

"मी आहे."

"माझ्या मागे कोण होतं? कोण पडलं?"

त्यांना अजून कळलं नव्हतं. ती त्यांच्यापासून चार हातांवर बसली होती. दुखण्यापेक्षा आश्चर्याने गप्प झाली होती आणि त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"स्नेहल पडलीय. शुद्धीवर आहे. खांद्याचं हाड मोडलंय बहुतेक."

"वर जा," ते म्हणाले. "वरच्या वळणावर उभं ऱ्हा. मागचे येतील, त्यांना थांबवा. मी दगड काढतो." आणि एक दगड हाताला लागला तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून कडेला टाकला. मग परत चाचपायला लागले.

मी वर धावत जाऊन बँकवाल्यांना थांबवलं आणि परत आले. मग हळूहळू कळलं काय झालं ते. आंब्याच्या झाडापाशी गेले चार रविवार त्यांना वाळत्या भाताचा वास लागायचा, तिथून ते डावीकडे व्हायचे. आज झाड आलं, वास आला नाही. वास थांबला, म्हणजे भात उचललं. भात उचललं, म्हणजे दगड राहिले. आजीला ते पुरते ओळखून होते. त्यांनी जागच्या जागी सायकल थांबवली. पहिला दगड त्यांच्या चाकापासून सहा फुटांवर होता. हात वर केला नाही, ओरडले नाहीत, कारण त्यांच्या हिशेबी मागे कुणी नव्हतं. उतारावर मागे कुणी नसणार, ही माझीच अट होती आणि तिच्यावर त्यांचा विश्वास होता. स्नेहलचा विश्वास त्यांच्या डोळ्यांवर होता. पुढचं चाक एकाएकी थांबलं तशी तिने उजवीकडे मारली आणि ज्या दगडांसाठी ते थांबले होते, नेमकी त्याच दगडांवर गेली.

आजी पदर खोचून उतरत आली. रस्ता बघितला, स्नेहलला बघितलं आणि दगड उचलायला लागली. दोन-तीन उचलून झाल्यावर म्हणाली, "माझ्या दगडानं पोर पडली."

"दगड तर दर साली असतात," काका म्हणाले. "ज्याला ते दिसत नाय तो पुढं होता, म्हणून पडली."

"म्हणजे काय?" स्नेहल म्हणाली.

काका दगड हातात घेऊन तसेच बसले. खिंडीत सांगायचं होतं, नळावर सांगायचं होतं. आता बाकीचेही सायकली हातात धरून खाली आले होते. मग मी सांगितलं. तीन वाक्यांत झालं. काकांना काचबिंदू आहे. आजूबाजूचं आणि खालचं दिसत नाही. रस्ता पाठ आहे म्हणून चालवतात.

स्नेहलने त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

ती म्हणाली, "पाणी द्या."

वाडीतल्या एकाच्या पिकअपमधून तिला महाडला आणलं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, दीड महिन्यात जुळलं. ती अजूनही सायकल चालवते, पण कुणाच्या चाकामागे जात नाही. बाजारात भेटली तर बोलते, नीट बोलते. चष्मा मात्र तिने पोलादपूरला जाऊन केला. मला त्यात गैर वाटत नाही.

काकूंना सांगायला त्याच दुपारी मी काकांबरोबर गेले. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही तपासले होते ना?" मी म्हटलं, तपासले होते, म्हणूनच मला माहीत होतं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. काका दारात चपला शोधत होते, पायाने चाचपत, आणि काकू ते पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या बघत होत्या. वर्षभराने ती दोघं मुलाकडे डोंबिवलीला गेली. फेरी आता आम्ही तिघं-चौघं करतो. आजीच्या वळणावर भात असो नसो, मी उतरून सायकल हाताने नेते. आजी म्हणते, "तू पण त्याच्यासारखीच झालीस गो." दगड मात्र ती आता भाताबरोबर उचलते.

पण त्या सोमवारचं राहिलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, मी दुकान उघडून काचा पुसत होते तेव्हा ते आले. चालत, एक हात दुकानांच्या शटरांवर ठेवत ठेवत. हेल्मेट नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा मी ओळखलंच नाही. आत आले, स्टूल चाचपून बसले.

"तक्ता लावा, डॉक्टरीणबाई."

"लावलेलाच आहे."

"तो नवाच हाय ना? दीड वर्ष गिऱ्हाइकं वाचतात ते ऐकतोय."

"हो."

"मग बघा आता." त्यांनी मान सरळ धरली. मी दिवा लावला. त्यांनी वरचं मोठं अक्षर सांगितलं. बरोबर होतं. मी पट्टी दुसऱ्या ओळीवर ठेवली. ते थांबले. मी वही आणि पेन घेऊन उभी होते आणि मला खात्री होती, की आता ते घडाघडा सुरू करणार, शेवटच्या ओळीपर्यंत, एकही चूक न करता.

"पुढचं पाठ हाय," ते म्हणाले. "दिसत नाय. तसं लिहा."